एक शोमारी पाणी

उपग्रहाने आमचा फोटो काढला तो कोरड्या महिन्यात.
त्यात नदी म्हणजे सदऱ्याच्या शिवणीतून
लोंबणारा दोरा, आणि आमची वस्ती
करडी, बिननावाची.
"म्वालिमू, इथे तर कोणीच राहत नाही,"
पडद्यावर बोट टेकवून म्वानाइदी म्हणाली,
आणि बोट नेमकं आमच्या शाळेवर होतं.

पुस्तकात ऱ्हाइन आहे.
तिचा उगम, तिच्या उपनद्या, तिच्यातली जहाजं
दार-ए-सलामच्या या दरीतल्या पोरांना तोंडपाठ.
म्सिंबाझी नाही. तिला फक्त वास आहे.
मी पुस्तक मिटलं.
चार फोन (एकाची काच तडकलेली),
एकोणचाळीस पोरं,
दुपारपर्यंत पुरेल एवढा डेटा,
आणि गल्लीत उतरलो.

सांगितलं होतं सोपं:
एप्रिलात पाणी कुठवर चढलं ते दारोदार विचारा,
ठिपका द्या, उंची लिहा.
लिहून आणलं : गुडघा. कंबर. गळा. गळा. कंबर.
कोणाची कंबर? बीबी सिवातूची, की तिच्या नातवाची?
वर्गात जुंपली.
शेवटी सर्वांत उंच शोमारी, तोच ठरला मोजपट्टी.
तो भिंतीभिंतीला पाठ लावून उभा राहिला
बोहल्यावरच्या नवऱ्यासारखा अवघडून,
आणि माणसं आठवत आठवत
त्याच्या अंगावर हात ठेवत गेली:
इथवर. नाही, इथवर.
एका बाईने हात खांद्यावर ठेवला
आणि काढलाच नाही बराच वेळ.
आम्ही लिहिलं : पाऊण शोमारी.

पाणी जोखणं हा शब्द
मी वीस वर्षं माणसांसाठी वापरत होतो.

हळूहळू नकाशा भरला.
तुंबलेली मोरी, खचलेला बांध,
नाल्यात अडकलेली गादीसुद्धा,
गादी म्हणूनच.

ताउसीने मात्र आपलं घर टाकलं आणि पुसलं.
नकाशा विसरत नाही :
दहा बेचाळीसला टाकलं, दहा चव्वेचाळीसला पुसलं,
शेजारी तिचं नाव.
मी विचारलं. ती चप्पल घासत राहिली. मग म्हणाली,
"पलीकडच्या काठावर मावशी राहायची.
तिथेही आले होते मोजायला. चांगली माणसं होती, पाणी मागून प्यायली.
मग भिंतीवर लाल फुली आली.
मग यंत्र.
म्वालिमू, तुमचा ठिपका आणि त्यांची फुली
एकाच फोनात असतात का?"

मला भूगोलाची पदवी आहे.
मी खडू शोधल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मत घेतलं, हात वर करून.
तीनशे बारा घरं आम्ही एकेक करून पुसली,
तडकलेल्या काचेवर बोट कापून घेत.
ठेवलं फक्त पाणी : ते कुठून शिरतं,
कुठे वळतं, कोणाची भिंत न विचारता ओलांडतं,
आणि त्याच्याहून उंच अशा चार जागा :
मशिदीची गच्ची, चर्चची सर्वांत वरची पायरी,
कोळसेवाल्याचा माळा,
आणि एक चिंच, जिच्यावर मागच्या वेळी
सहा माणसं आणि एक बकरी बसली होती.

वॉर्डाच्या साहेबांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला.
"यात घरं कुठायत?"
"पाण्याच्या बाजूला, साहेब," म्वानाइदी म्हणाली.
त्यांनी हसून चहा मागवला. मोरी अजून तशीच आहे.

फेब्रुवारीत, मोठ्या पावसाच्या आधी,
पडताळायला म्हणून शोमारीला पुन्हा
त्याच भिंतीशी उभा केला.
चिखलाची जुनी रेघ त्याच्या छातीवरून
दोन बोटं खाली उतरली होती.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
ताउसी हसली नाही.
तिने नुसतं बोट दाखवलं
त्याच्या विजारीकडे,
घोट्याच्या कितीतरी वर.